मधमाश्यांचे घर फुटते तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करावयाची मला सवय नाही. माझी शाळा सातवीला सुटली, आणि त्यानंतर चारचौघांत उभे राहून बोलण्याचा प्रसंग उखाण्यापलीकडे कधी आला नाही. पण गेल्या माघात आपल्या गल्लीत मधमाश्यांचा जो गोंधळ झाला, त्याच्या गोष्टी अजून गिरणीत दळणाच्या रांगेत ऐकू येतात. कोणी म्हणते माश्या पिसाळल्या होत्या, कोणी म्हणते मी त्यांच्यावर काही मंत्र टाकला. तेव्हा चिटणीसबाई म्हणाल्या की, जे झाले ते तुम्हीच एकदा सर्वांपुढे सांगा. म्हणून उभी राहिले आहे.

आपल्याकडे मधमाशी म्हटले की आधी भीती वाटते, आणि ती काही खोटी नाही. अजिंठा आपल्यापासून लांब नाही. तेथल्या कड्याला लोंबणारी आग्यामोहोळे आपण सर्वांनी पाहिली आहेत, आणि ती उठली म्हणजे माणसांची काय पळापळ होते तेही ऐकले आहे. पण आग्या ही माशी उघड्यावर राहणारी, एकच मोठे पोळे बांधणारी. ती पेटीत राहात नाही. झुडपाला हाताएवढे पोळे लावते ती फुलोरी, तीही पेटीत राहात नाही. पेटीत राहतात त्या दोन. एक आपली देशी सातेरी; सह्याद्रीच्या डोंगरात झाडांच्या ढोलीत असते ती. दुसरी मेलिफेरा, जिला लोक इटालियन माशी म्हणतात. ती बाहेरून आणलेली आहे. ह्या दोघी अंधारात, एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधतात. माझ्या पेट्यांत आहे ती मेलिफेरा. आपल्या उघड्या, तापणाऱ्या मुलखात हीच बरी, असे मला प्रशिक्षणात सांगितले.

प्रशिक्षणाला मी गेले ह्याचे कारण मधाचा लोभ नव्हे, तर कांद्याचे बी. जालना म्हणजे बियाण्याचे गाव, हे आपल्याला माहीत आहे. आमच्या अर्ध्या एकरात आम्ही कांद्याचा बीजप्लॉट घेतो. कांद्याच्या गोंड्यात शेकडो बारीक फुले असतात. त्यांतील प्रत्येक फुलाचे पराग आधी झडून जातात आणि स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. म्हणजे त्या फुलाचे त्याच्याच परागाने भागत नाही. दुसऱ्या फुलाचा पराग कोणीतरी आणून द्यावा लागतो. तो वारा आणत नाही, माशी आणते. दोन वर्षे आमचे गोंडे दिसायला भरघोस आणि चोळले तर आत पोकळ, असे झाले होते. म्हणून बचत गटातून कर्ज उचलून कार्तिकात मी दोन पेट्या घेतल्या. शेतात राखणीला कोणी नसते, म्हणून गोंडे फुलेपर्यंत त्या परसात ठेवल्या. ते कर्ज माझ्या नावावर, आणि जामीन म्हणून ह्याच मंडळातील दोघी जणी. म्हणजे पेटी रिकामी झाली तर तोंड कोणाला दाखवायचे, हा प्रश्न माझ्यापुढे होता, हे ध्यानात असू द्या.

पेटीविषयी दोन शब्द सांगते, नाहीतर पुढचे कळायचे नाही. पेटीत लाकडी चौकटी उभ्या टांगलेल्या असतात. दोन पोळ्यांमध्ये माश्या स्वतःला ये-जा करण्यापुरती एक बोळ सोडतात, सुमारे करंगळीच्या निम्म्या जाडीची. ह्यापेक्षा जागा कमी असली तर त्या डिंकासारखा चिकट पदार्थ भरून बुजवतात, जास्त असली तर मेण बांधून टाकतात. हे ओळखून अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ नावाच्या पाद्रीबाबांनी १८५१ साली चौकटीची पेटी काढली. तेव्हापासून पोळे न मोडता माशीचे घर उघडून पाहता येऊ लागले. आपल्या राज्यात महाबळेश्वरला १९४६ पासून मध संचालनालय आहे, आणि पुण्याला १९६२ पासून मधमाशीचे संशोधन व प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्था आहे. महाबळेश्वरजवळचे मांघर तर २०२२ साली मधाचे गाव म्हणून जाहीर झाले, देशातले पहिले. तेथे घरोघरी पेट्या. आपल्याकडे माझ्या दोनच आल्या तर गल्ली हादरली!

आता घरात कोण कोण असते ते पाहा. एक राणी. तिला राणी म्हणतात, पण राज्य ती करीत नाही. बाळंतिणीसारखे तिला भरवतात आणि ती अंडी घालते. हजारो कामकरी माश्या, सगळ्या तिच्याच मुली. आणि थोडे नर, ते आयते खाणारे. फार पूर्वी विलायतेतील लोक ह्या मोठ्या माशीला राजा समजत. इतके शिस्तीचे घर म्हणजे पुरुषच चालवीत असला पाहिजे, असे त्यांना वाटे. १६०९ साली बटलर नावाच्या एका इंग्रजाने आपल्या पुस्तकात हे स्त्रीराज्य आहे असे लिहिले. आणि पुढे स्वामरडॅम ह्या डच गृहस्थाने त्या राजाचे पोट उकलून आत अंड्यांच्या पिशव्या दाखवल्या, तेव्हा तोंडे बंद झाली.

घर भरले, फुले भरपूर आली, राणीला अंडी घालायला जागा उरेना, की त्या घराला फुटण्याचे वेध लागतात. ह्याला कोणी थवा सुटणे म्हणतात. आपल्याकडे घर फुटले म्हणजे भांडण झाले, चूल वेगळी झाली. त्यांच्याकडे भांडण मुळीच नसते. घर सुखात असते तेव्हाच फुटते. आणि सर्वांत नवल म्हणजे, जुनी राणी घर सोडते. लेक नव्हे. आपल्याकडे मुलगी माहेर सोडून जाते, तिकडे आईच बांधलेले घर, भरलेले मधाचे कोठार, पाळण्यातली पोरे, सगळे अजून जन्माला न आलेल्या लेकीच्या हवाली करते, अर्ध्याहून अधिक माश्या बरोबर घेते आणि उघड्यावर निघते. हे मला प्रशिक्षणात कळले तेव्हा पुढचा अर्धा तास गुरुजी काय बोलले ते माझ्या कानात शिरले नाही.

माघ उजाडला तेव्हा मोसंबीचा बहार होता, करडई फुलली होती, शेवगा पांढरा झाला होता. उजवीकडची पेटी इतकी भरली की संध्याकाळी दारावर माश्यांची दाढी लोंबू लागली. वरची मधकोठी चढवून दिली होती, तरी गर्दी हटेना. नर फार दिसू लागले. मग एके दिवशी चौकट उचलली तर पोळ्याच्या खालच्या काठाला भुईमुगाच्या शेंगेसारखी सात घरे लोंबत होती. ही राणीघरे. साध्या कामकरी माशीचे घर सहा कोनांचे आणि आडवे. राणीचे उभे, लोंबते, वरून खरबरीत. अंडे दोन्हीत एकच असते बरे का! पण ह्या घरातल्या अळीला अखेरपर्यंत राजान्न मिळते, दुसरीला पहिले दोन-तीन दिवसच. तेवढ्याने एक राणी होते आणि दुसरी कामकरी. सोळा दिवसांत राणी तयार, एकवीस दिवसांत कामकरी, चोवीस दिवसांत नर.

सातांपैकी दोन घरांना टोपण चढले होते. टोपण चढले की जुनी राणी निघते, असा नियम. मी गुरुजींना फोन लावला. ते म्हणाले, नुसती राणीघरे खुडून काही होत नाही, माश्या पुन्हा बांधतात. तिसरी पेटी आणा आणि तुम्हीच घराची वाटणी करून द्या. पेटी त्याच दिवशी जालन्याला सांगितली, ती दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने यायची होती. दोन दिवस आभाळ होते. आभाळ असले की थवा थांबून राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडले.

अकराच्या सुमारास मी भाकरी थापीत होते. परसातून असा आवाज आला की, जणू कोणी पिठाची गिरणी चालू केली. जाऊन पाहते तो पेटीच्या दारातून माश्या पाण्यासारख्या वाहताहेत. सारे परस त्यांनी भरून गेले, सूर्यावर जाळी धरावी तसे. आत्याबाई ओट्यावरून ओरडल्या, "सूनबाई, अगं तुझ्या माश्या पळायल्यात की गं!" आणि त्यांनी काय केले, तर घरातली पितळी थाळी आणून उलथन्याने बडवायला सुरुवात केली. त्यांच्या माहेरी मोहोळ उठले की थाळी वाजवीत, म्हणजे ते खाली बसते. पुढे मला कळले की विलायतेतही शेतकरी असेच तवे-पातेली बडवीत थव्यामागे धावत. माश्या त्याने खाली बसतात असे काही दिसत नाही. पण हा थवा आमच्या घरचा, असे शेजाऱ्यांना कळावे हा एक उपयोग त्यात होता म्हणतात. आत्याबाईंच्या थाळीने तेवढे काम पुरेपूर केले. सगळी गल्ली गोळा झाली.

दहा-पंधरा मिनिटांत तो सगळा ढग शेजारच्या काकूंच्या शेवग्यावर उतरला आणि फांदीला घोसाळ्यासारखा लोंबू लागला. भोपळ्याएवढा मोठा घोस, हलणारा, तपकिरी. त्याच्या खालीच त्यांच्या पाण्याचा रांजण, आणि रांजणापलीकडे नातवंडांचा झोपाळा.

आता काकू इथे बसल्या आहेत, म्हणून त्यांच्यासमोरच सांगते. त्यांचे घाबरणे मला पटले होते. माझ्या घरातले संकट मी त्यांच्या दारात टाकले होते असेच त्यांना दिसले, आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही तसेच दिसले असते. कोणी रॉकेल आणायला निघाले. कोणी टेंभा पेटवा म्हणाले, कोणी कपाशीचा पंप घेऊन फवारून टाका म्हणाले. पोरांच्या हातांत दगड होते. त्या वेळी मी जे बोलले ते मोठ्याने बोलले, आणि डोक्यावरचा पदर खाली आला होता त्याचेही भान राहिले नाही. मी म्हटले, दगड मारलात तर ह्या चावतील. नाही मारलात तर नाही चावणार. आणि संध्याकाळी सातपर्यंत मी हे नेले नाही, तर मग तुम्हाला काय करायचे ते करा.

हा शब्द मी उगीच दिला नव्हता. थवा निघताना प्रत्येक माशी पोटभर मध पिऊन निघते, कारण नवे घर मिळून तेथे चूल पेटेपर्यंतची ती शिदोरी असते. पोट फुगले की शेपूट वाकवून डंख मारणेही कठीण जाते. शिवाय राखायला जवळ घर नाही, मध नाही, पिल्लू नाही. मग ती भांडणार कशासाठी? मी शिडीवर चढून त्या घोसाजवळ उघडा हात नेला. गरम लागला, चुलीजवळ ठेवलेल्या पिठाच्या परातीसारखा. एकही चावली नाही. पण मुलांनो, हे आग्यामोहोळाशी कधी करू नका, आणि न ओळखता कोणत्याच मोहोळाशी करू नका.

तो घोस फांदीवर नुसता बसलेला नसतो. घर पाहायला माणसे पाठवलेली असतात. दुसरे महायुद्ध संपल्यावर जर्मनीत म्यूनिक शहर बॉम्बने पडझड झालेले होते. तेथे लिंडावर नावाच्या शास्त्रज्ञाने १९४९ साली असाच एक थवा पाहिला. त्यावर काही माश्या नाचत होत्या, आणि त्या मळक्या होत्या. कोणाच्या अंगाला काजळी, कोणाच्या विटेचा चुरा, कोणाच्या पीठ. त्यावरून त्याच्या ध्यानात आले की ह्या फुलांवरून आलेल्या नाहीत, धुराडी आणि पडकी घरे पाहून आल्या आहेत. मधमाशी नाचून दिशा आणि अंतर सांगते, हे त्याच्या गुरूंनी, फॉन फ्रिश ह्यांनी, शोधून काढले होते. त्यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जिने जे घर पाहिले त्याची ती नाचून शिफारस करते, दुसऱ्या जाऊन पाहून येतात, पटले तर त्याही तोच नाच करतात. होता होता सगळ्यांचे एका घरावर एकमत होते, तेव्हाच थवा उठतो. नंतर अमेरिकेतील सीली ह्यांनी बेटावर वेगवेगळ्या पेट्या ठेवून पाहिले की त्यांना घर कसे लागते. तर जमिनीपासून उंच, दार लहान, आणि आत सुमारे चाळीस लिटर जागा. म्हणजे आपल्या तेलाच्या दोन मोठ्या डब्यांएवढी. आपल्या मंडळाच्या बैठकीत सहलीचे ठिकाण ठरवायला ह्याहून जास्त वेळ लागतो, असे आमच्या घरी हे म्हणाले; तो त्यांचा विनोद आहे.

मला मात्र ते एकमत होण्याच्या आत काम उरकायचे होते. कोणाचे दोन तासांत होते, कोणाचे दोन दिवस होत नाही. पेटी दीडच्या एसटीने आली. आमच्या मोठ्याने ती स्टँडवरून डोक्यावर आणली. मी परसातला गवती चहा तोडून त्याची पाने पेटीच्या आतून चोळली. हे गुरुजींनी सांगितलेले. माश्या एकमेकींना "इकडे या" म्हणून बोलावतात तेव्हा पाठीमागून एक वास सोडतात, तो बराचसा गवती चह्यासारखाच असतो. भगिनींनो, हे ऐकून मला इतके बरे वाटले! चहात घालायला लावलेले गवत असे कामाला येईल हे कोणाला वाटले होते?

मामंजींचे पांढरे धोतर खाली अंथरले, त्यावर पाट, पाटावर पेटी. दुसऱ्या पेटीतून उघड्या अळ्यांची एक चौकट काढून, तिच्यावर आपली राणी नाही ना हे पाहून, ती नव्या पेटीत मध्यभागी बसवली. पाळण्यात पोर असले म्हणजे बाईला घर सोडवत नाही. माशीचेही तसेच आहे. मी मोठ्याच्या बाह्या असलेला सदरा घातला, सलवार घातली, पायांत मोजे, तोंडाला जाळी. लुगड्या-साडीत हे काम करू नये, निऱ्यांत माशी शिरली की ती आणि आपण दोघीही घाबरतो. गजरा नको, सुवासिक तेल नको. घोसावर साखरेचे पाणी शिंपडले, म्हणजे त्या अंग चाटीत बसतात. शेवग्याचे लाकूड कडकन मोडते, म्हणून फांदीवर कोणी चढले नाही. मोठ्याने शिडीवरून खाली दुरडी धरली आणि मी फांदीला एकच झटका दिला. धप्प! ओल्या पिठाचा गोळा पडावा तसा घोस दुरडीत पडला. तो तसाच पेटीत ओतला आणि झाकण लावले.

आता राणी आत गेली की बाहेर राहिली, हे कसे कळावे? तिला डोळ्यांनी शोधायची गरज नसते. पेटीच्या दारात माश्या डोके आत, शेपूट वर करून ओळीने उभ्या राहिल्या आणि पंख हलवू लागल्या, की समजावे आई घरात आहे, आणि ह्या बाकीच्यांना बोलावताहेत. पाच मिनिटे काहीच दिसेना. गल्लीतले सगळे गप्प. मग एक उभी राहिली, मग चार, मग ओळच लागली, आणि धोतरावरच्या माश्या मुंग्यांसारख्या रांगेने पेटीच्या दाराकडे चालू लागल्या. काकूंची धाकटी नात खिडकीतून ओरडली, "आजी, वरात चाललीय!"

सात वाजायच्या आत, अंधार पडता पडता, पेटीचे दार जाळीने बंद करून ती बैलगाडीने शेतात नेली, कांद्याच्या बांधावर. थव्याच्या माश्या जुन्या जागेची ओढ ठेवत नाहीत, नेऊ तेथे नवे घर मानतात. दारावर राणी अडेल अशी पट्टी चार दिवस लावली, एक किलो साखर एक लिटर पाण्यात विरघळवून पाजली, आणि त्या राहिल्या.

हे झाले दिसणारे काम. खरे अवघड पुढे होते, आणि ते गल्लीने पाहिले नाही.

जुन्या पेटीत सात राणीघरे होती. सगळी ठेवली तर काय होते, तर पहिली राणी निघाली की तिच्यामागे आणखी एक थवा सुटतो, मग तिसरा, आणि घर पार मोकळे होते. थवा सुटला नाही, तर पहिली निघालेली बाकीच्या बहिणींना त्यांच्या घरातच डंख मारून संपवते. तिच्या आवाजाला आतल्या आवाज देतात, टूं टूं असा. पेटीला कान लावला तर ऐकू येतो. गुरुजी म्हणाले, एक चांगले, लांब, ठसठशीत घर ठेवा आणि बाकीची काढा. मी सुरी घेऊन बसले. आत्याबाई शेजारी होत्या. त्या म्हणाल्या, "सहा पोरी मारायच्या होय गं?" मी काही बोलले नाही. आत्याबाईंना स्वतःला पाच मुली, आणि प्रत्येकीच्या वेळी त्यांना काय ऐकावे लागले ते मला माहीत आहे. माशीच्या घराला माणसाचे नियम लावू नयेत, हे मी मनाशी शंभरदा म्हटले. तरी दोन घरे मी ठेवलीच. एक जुन्या पेटीत ठेवले. आणि एक, थोडे पोळे धरून कापलेले, तीन चौकटी माश्यांसह एका लाकडी खोक्यात लावले, आमच्या चुलत जावेच्या वाडीवर. बाकीची पाच काढली. खोक्यातली राणी निघाली, पण बाहेर उडून गेली ती परत आली नाही. तारेवर वेडे राघू बसलेले असत, त्यांनी टिपली असेल. त्या खोक्यातल्या माश्या शेवटी जुन्या पेटीला मिळवल्या.

नवी राणी जन्मली म्हणजे झाले असे नसते. आठवडाभरात ती उन्हाच्या वेळी उडून जाते, उंच हवेत दहा-वीस नरांशी तिचे लग्न लागते, आणि त्या एका फेरीवर, फार तर दोन-तीन फेऱ्यांवर, तिचा जन्मभराचा संसार चालतो. ती परतली तर घर तगले. नाही परतली तर घरात अंडे नाही, आणि असलेल्या माश्या एकेक करून म्हाताऱ्या होऊन संपतात. ह्या काळात पेटी उघडायची नाही. तीन आठवडे! घरात बाळंतपण असावे आणि दाराला बाहेरून कडी, तसे ते दिवस गेले. मी रोज दारापाशी बसून पाहात असे, माश्या पायाला परागाच्या पिवळ्या गोळ्या घेऊन आत जातात की नाही. पराग पोरांसाठी लागतो. जातात दिसले की त्या दिवशी दोन घास जास्त जात.

बाविसाव्या दिवशी उघडली. ऊन पाठीवर घेऊन चौकट तिरपी धरली, तेव्हा घरांच्या तळाशी शेवयीच्या बारीक तुकड्यासारखी अंडी उभी दिसली, प्रत्येक घरात एक. जामीन राहिलेल्या दोघींना मी तेथूनच फोन केला. एक जण म्हणाली, "अंडी तर अंडी, रडतेस कशाला?"

आता हिशेब. फुटलेल्या पेटीने ह्या वर्षी मध दिला नाही, थव्याच्या पेटीने दिला नाही. त्यांचे सगळे बळ घर बांधण्यात गेले. तिसरीने चार किलो दिला, तो मंडळातच खपला. मधाचे निघाले म्हणून एक सांगून ठेवते: वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नका, बाळघुटीत सुद्धा. आपल्या आया चाटवीत आल्या हे खरे, पण त्यात क्वचित असे जंतू असतात की एवढ्या लहान आतड्याला ते जड जातात, आणि मूल लुळे पडू शकते. वर्षानंतर खुशाल द्या. कांद्याचे गोंडे ह्या खेपेस चोळले तेव्हा काळे बी हातात भरले. ते सगळे माश्यांमुळेच, असे मी म्हणणार नाही; पाणीही वेळेवर मिळाले होते. कर्जाचे दोन हप्ते अजून राहिले आहेत.

शेजाऱ्यांशी जे ठरले तेही सर्वांसमोर सांगते, म्हणजे पुन्हा गिरणीत विचारायला नको. परसात आता पेटी नाही, तिन्ही शेतात आहेत. चैत्रात पाण्याची तंगी झाली की माश्या गावात रांजणावर येतात, म्हणून बांधावर खड्यांनी भरलेली परात ठेवली आहे आणि ती मी भरत असते. खडे असले की माशी बुडत नाही. ज्यांचे शेत लागून आहे त्यांना माझी विनंती आहे की, औषध फवारायचे असेल तर सूर्य मावळताना फवारा, माश्या घरी आल्यावर, आणि आदल्या दिवशी मला एक निरोप द्या. गेल्या खेपेस तिघांनी दिला, त्यांचे उपकार आहेत. कोणाला माशी चावलीच तर काटा चिमटीत धरून ओढू नका, नखाने खरवडून लगेच काढा. ज्याच्या अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, धाप लागते, त्याला मात्र घरगुती उपाय करीत न बसता तडक दवाखान्यात न्या.

पुढच्या माघात पेट्या पुन्हा फुटायला येतील. ह्या वेळी वाटणी आधीच करून देण्याचा विचार आहे, त्यासाठी एक रिकामी पेटी तयार करून ठेवली आहे. ज्या भगिनीला ती घरच्या शेतावर न्यायची असेल तिने मला सांगावे. ग्रामोद्योग मंडळाच्या मधकेंद्र योजनेत निम्मे अनुदान मिळते, आणि साध्या मधपाळाच्या प्रशिक्षणाला लिहिता-वाचता येणे एवढीच शिक्षणाची अट आहे. सातवीसुद्धा लागत नाही. आधी पाहायचे असेल तर रविवारी सकाळी दहाला आमच्या बांधावर या. बाह्यांचे कपडे घाला, गजरा घरी ठेवा. काकू येणार आहेत, त्यांनी नातीलाही आणायचे कबूल केले आहे.